पांढऱ्या फुलांचे काटेरी कुंपण: करवंद, आफ्रिकेतले करवंद की विषारी झुडूप?

कळंबा_रहिवासी
सर्वांना नमस्कार. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला असलेल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात भिंतीलगत एक काटेरी कुंपण आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ते ठेवावे की मुळासकट काढून टाकावे यावर चर्चा होणार असल्यामुळे मला जाणकारांचे मत हवे आहे. झुडपे छाटून कमरेइतकी ठेवलेली असतात. पाण्याच्या टाकीमागे मात्र कात्री न पोहोचल्यामुळे एक झाड माणसाच्या डोक्याच्या बरेच वर गेले आहे. पाने समोरासमोर, जाड, गडद हिरवी आणि तकतकीत असून प्रत्येक पानाच्या टोकाला बारीक अणकुचीदार टोक आहे. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. फुले शुभ्र, पाच पाकळ्यांची आणि चांगली मोठी असून वर्षभर थोडीथोडी येत राहतात, आणि संध्याकाळनंतर त्यांचा वास कुंपणाच्या पलीकडे रस्त्यापर्यंत येतो. फळे फारच थोडी लागतात, परंतु जी लागतात ती लालभडक असतात.

वादाचे मूळ त्या फळांतच आहे. शेजारच्या एका मुलाने त्यातली दोन पिकलेली फळे खाल्ली. त्याला काहीही झाले नाही, पण तेव्हापासून संस्थेत दोन पक्ष पडले आहेत. ज्येष्ठ मंडळी म्हणतात की हे सुधारित करवंद आहे. दुसरा पक्ष म्हणतो की चीक असलेले आणि एवढ्या लाल फळाचे झाड विषारीच असणार. माझे प्रश्न दोन आहेत: ही वनस्पती नेमकी कोणती, आणि फुलांनी सतत भरलेले कुंपण फळाच्या बाबतीत इतके कंजूष का?

राजारामपुरी_बाग
वर्णनावरून हा अनंत असावा असे वाटते. शुभ्र फूल, संध्याकाळचा वास आणि तकतकीत पान या तिन्ही गोष्टी अनंताला लागू पडतात. अनंताचेही काही आफ्रिकी प्रकार रोपवाटिकांमध्ये मिळतात असे ऐकून आहे. छायाचित्र टाकल्यास अधिक सांगता येईल.

वनस्पती_अध्यापिका
अनंत येथे बसत नाही, कारण अनंत हा कॉफीच्या कुळातला असून त्या कुळातील झाडांची फांदी मोडल्यावर दुधासारखा चीक निघत नाही. समोरासमोर पाने, पांढरा चीक आणि कळीत पिळवटलेल्या, प्रत्येकी एक कड शेजारणीवर टाकून बसलेल्या पाच पाकळ्या एकत्र दिसल्या की प्रथम कण्हेरीच्या कुळाचा, म्हणजे ॲपोसायनेसीचा, विचार करावा. कण्हेर, तगर, सदाफुली, कुडा आणि करवंद ही आपल्या रोजच्या पाहण्यातली सगळी मंडळी त्याच कुळातली आहेत, त्यामुळे आपल्या संस्थेतील ज्येष्ठांचा अंदाज योग्य कुळाच्याच नव्हे तर योग्य प्रजातीच्याही (म्हणजे कुळातील जवळच्या जातींच्या गटाच्याही) दारात जाऊन पोहोचला आहे.

आपण वर्णन केलेली वनस्पती बहुधा कॅरिसा मॅक्रोकार्पा आहे. बागकामाच्या जगात तिला नाताळ प्लम म्हणतात. येथे नाताळ म्हणजे सण नव्हे, तर दक्षिण आफ्रिकेचा तो किनारी प्रदेश, जेथे महात्मा गांधींनी १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली. तेथील झुलू भाषेत तिच्या फळांना अमाथुंगुलू म्हणतात. केप प्रांताच्या पूर्व भागापासून नाताळमार्गे मोझांबिकपर्यंत, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर आणि किनारी झाडोऱ्यात हे झुडूप नैसर्गिकपणे वाढते. खारे वारे त्याला बाधत नाहीत, आणि जाड, मेणचट पानांचे कारणही त्या वाऱ्यातच आहे. मोकळे सोडले तर ते चार-पाच मीटरचा छोटा वृक्ष होते. टाकीमागचे आपले झाड त्याच वाटेवर आहे.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने करवंदाला कॅरिसा कॅरँडस हे नाव १७६७ मध्ये दिले. नाताळच्या झुडपाला आजच्या नावाने याच प्रजातीत आणून बसवले ते वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल याने १८४४ मधील आपल्या ग्रंथात. या प्रजातीचा पसारा आफ्रिकेपासून आपल्याकडून पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत आहे, आणि कॅरिसा स्पायनेरम ही तिच्यातली एक जाती तर आफ्रिकेतही आहे आणि भारतातही. तेव्हा ‘करवंद की आफ्रिकेतले झाड’ हा प्रश्न जितका वाटतो तितका टोकाचा नाही.

आता खात्री कशी करावी ते सांगते, आणि येथे छायाचित्रापेक्षा काटा अधिक उपयोगी आहे. एक जुना काटा नीट पाहावा. नाताळ प्लमचा काटा फांदीतून एकच निघतो आणि थोड्या अंतरावर दुभंगतो. कधी कधी त्या दोन टोकांपैकी एखादे पुन्हा दुभंगते. काटा मजबूत, हिरवट रंगाचा आणि चार सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकतो. आपल्या करवंदाचे काटे बहुतेक वेळा जोडीने आणि साधे असतात, जरी तेही क्वचित दुभंगलेले आढळतात. म्हणून एका काट्यावर निकाल देऊ नये, दहा-बारा काटे पाहावेत. त्यानंतर फूल पाहावे. नाताळ प्लमचे फूल सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीचे असून फांदीच्या टोकाला एकटे किंवा मोजक्या सोबत्यांसह येते. करवंदाचे फूल त्याच्या निम्म्याहूनही लहान, घोसात येणारे आणि नळीपाशी बरेचदा गुलाबी छटा असलेले असते.

विषाचा मुद्दा स्वतंत्र आणि महत्त्वाचा आहे. त्यावर सविस्तर लिहावे लागेल, म्हणून पुढच्या प्रतिसादात घेते.

पन्हाळा_पायवाट
मॅडमच्या वर्णनात थोडी भर घालतो. माझे बालपण पन्हाळ्याच्या उतारावर करवंदीच्या जाळ्यांत ओरखडे घेत गेले आहे. आपली करवंदी ऋतू पाळते: उन्हाळ्याच्या तोंडावर फुलते आणि वैशाखात फळते. मे महिन्यात जोतिबाच्या वाटेवर पानांच्या द्रोणात ‘डोंगरची काळी मैना’ विकायला बसतात ती हीच. वर्षभर थोडीथोडी फुले येत राहणे हा करवंदीचा स्वभाव नव्हे. शिवाय आपले फळ पिकताना हिरव्यावरून लाल होत शेवटी काळेभोर होते आणि आकाराने बोराएवढेच राहते. पिकूनही लालच राहणारे आणि मोठ्या सुपारीपेक्षाही मोठे होणारे फळ करवंदाचे नाही.

एक मत मांडतो, पटल्यास घ्यावे. शहरातल्या आवारात हे परदेशी कुंपण असायला हरकत नाही, परंतु कोणी पन्हाळा, गगनबावडा किंवा राधानगरीच्या बाजूला शेताच्या बांधासाठी रोपे शोधत असेल तर त्याने स्थानिक करवंदीच लावावी. ती जांभ्या दगडाच्या कातळावरही तग धरते, गुरे तिच्या वाटेला जात नाहीत, पक्ष्यांना तिची ओळख आहे आणि फळ तर आहेच.

वनस्पती_अध्यापिका
आता विषाबद्दल. संस्थेतील दुसऱ्या पक्षाची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ज्या कुळात कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी आहे, त्या कुळातील अनोळखी फळ तोंडात घालू नये हा नियम योग्यच आहे. या दोन्ही झाडांतील ग्लायकोसाइड नावाची विषारी द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात, आणि बिट्टीच्या बियांनी झालेल्या विषबाधा आपल्याकडील डॉक्टरांना चांगल्याच परिचित आहेत.

त्यात आफ्रिकेत कॅरिसाचा एक धोकादायक नातलग आहे, त्याचे नाव अकोकँथेरा. तोही झुडूप किंवा लहान वृक्ष, त्यालाही समोरासमोर चामड्यासारखी तकतकीत पाने, पांढरा चीक आणि गोड वासाची पांढरी फुले. दोघांतील साम्य इतके की अकोकँथेराच्या एका जातीचे वर्णन द कांदोलने त्याच १८४४ च्या ग्रंथात कॅरिसा म्हणूनच केले होते. ती पुढे वेगळ्या प्रजातीत गेली. पूर्व आफ्रिकेतील शिकारी पिढ्यानपिढ्या त्या झाडाचे लाकूड उकळून घट्ट अर्क काढत आणि तो बाणाच्या टोकाला लावत. त्यातील वाबाइन हे द्रव्य १८८८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आर्नो याने वेगळे काढले. पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारी जी यंत्रणा असते तीच हे द्रव्य बंद पाडते, आणि मग हृदयाच्या स्नायूंचा ताल बिघडतो. पूर्व आफ्रिकेत एक तुरेवाला उंदीर आहे, जो याच झाडाची साल चावून ती लाळेसह अंगाच्या दोन्ही बाजूंच्या विशिष्ट पोकळ केसांना फासतो आणि त्याला तोंडात धरणाऱ्या कुत्र्याची अवस्था वाईट होते. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. विषय किंचित बाजूला गेला, परंतु इतकी विलक्षण गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

फरक ओळखणे मात्र अवघड नाही. अकोकँथेराला काटे नसतात. त्याची फुले लहान असून पानांच्या बगलेत दाट झुबक्यांनी येतात आणि बाहेरून गुलाबी झाक असलेली असू शकतात. फळ पिकल्यावर गडद जांभळे-काळे होते आणि आत एक किंवा दोन बिया असतात. नाताळ प्लमच्या फळात साधारण सहा ते सोळा लहान, चपट्या, तपकिरी बिया गरात पसरलेल्या असतात. म्हणून एक पिकलेले फळ आडवे कापून पाहावे. दुभंगलेला काटा, मोठे फूल, लाल फळ आणि पुष्कळ चपट्या बिया ही चारही लक्षणे एकाच झुडपावर जुळली तर सभेत निःशंकपणे सांगावे की हे करवंदाचे भावंड आहे आणि त्याचे पूर्ण पिकलेले फळ खाण्याजोगे आहे. पाने, फांद्या, बिया आणि कच्ची फळे मात्र खाऊ नयेत. लक्षणांपैकी एखादे जरी जुळले नाही तर फळासह एक डहाळी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावी, आणि तोपर्यंत मुलांना फळांपासून दूर ठेवावे.

फळे कमी का, याचे उत्तर मला फुलात दडलेले दिसते. एक फूल उभे चिरून आतील पुंकेसर पाहून कळवाल का? कुंपणातील वेगवेगळ्या ठिकाणची फुले घ्यावीत, आणि टाकीमागच्या झाडाचे फूल विसरू नये.

कळंबा_रहिवासी
मॅडम, आपल्या सूचनेप्रमाणे पाहणी केली. काटे बहुतांश दुभंगलेले आहेत, आणि टाकीमागच्या झाडावर तर दोनदा दुभंगलेलेही सापडले. फळ कापल्यावर आतला गर लाल निघाला, त्यात पांढऱ्या चिकाचे ठिपके होते आणि बिया अकरा होत्या, सगळ्या चपट्या. अकोकँथेराची शंका माझ्यापुरती मिटली आहे.

फुलांच्या बाबतीत मात्र मला अपेक्षित नव्हते असे काही दिसले. कुंपणाच्या निरनिराळ्या भागांतून फुले घेऊन दाढीच्या पात्याने नळी उभी चिरली. त्या सर्वांमध्ये पाच पुंकेसर नळीच्या वरच्या भागात चिकटलेले असून परागकोश भरलेले आहेत. बोटावर घासले की पिवळसर पूड उतरते. मधला कुक्षिवृंत (स्त्रीकेसराची दांडी) मात्र आखूड आहे आणि त्याचे टोक परागकोशांच्या बरेच खाली राहते. टाकीमागच्या झाडाचे फूल शेजारी ठेवले तेव्हा ते थोडे लहान असल्याचे प्रथमच लक्षात आले. त्यात कुक्षिवृंताचे टोक परागकोशांच्या बरोबरीला आले आहे, आणि परागकोश बारीक, सुकल्यासारखे आणि रिकामे आहेत. बोटाला काहीच लागत नाही. माळीमामांना विचारले तेव्हा समजले की आजवर जी थोडी फळे मिळाली ती सगळी त्याच झाडावरची होती. ते झाड नंतर, एक रोप मेल्यावर, दुसरीकडून आणून लावले होते.

वनस्पती_अध्यापिका
आपल्या निरीक्षणानेच उत्तर दिले आहे. मी फक्त ते मांडते.

या जातीतील फुले दिसायला उभयलिंगी असली तरी सगळी झाडे दोन्ही कामे करत नाहीत. काही झाडांची फुले व्यवहारात नर असतात: आकाराने मोठी, परागकोश भरलेले आणि कुक्षिवृंतापेक्षा उंच. काही झाडांची फुले व्यवहारात मादी असतात: पुंकेसर कुक्षिवृंताच्या उंचीचे, पण परागकोश लहान आणि परागाशिवाय. नुसते पाकळ्यांवरून पाहिले तर दोन्ही सारखीच शुभ्र आणि सुवासिक, त्यामुळे फूल चिरल्याशिवाय हा भेद कोणाच्या लक्षात येत नाही.

आता रोपवाटिकेतील पद्धत लक्षात घ्या. कुंपण एकसारखे दिसावे म्हणून रोपे बियांपासून न करता एकाच मातृवृक्षाच्या काड्यांपासून करतात. आपल्या भिंतीलगत रोपे कितीही असली तरी, टाकीमागचे सोडून, ती बहुधा एकाच झाडाची अंगे आहेत, आणि ते मूळ झाड नर होते. एका गल्लीत सगळीच वऱ्हाडी मंडळी नवऱ्याकडची जमावीत, तसे हे कुंपण आहे. जेथे बाहेरून आलेले एक मादी झाड होते, तेथेच फळ धरले.

अमेरिकेत फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियामध्ये हे झुडूप फार पूर्वी नेले गेले. तेथेही न फळणाऱ्या झाडांची तक्रार जुनीच आहे, आणि दुसऱ्या झाडाचा पराग हाताने लावल्यावर अशी झाडे फळू शकतात हे तेथे दिसून आले.

परागवाहकांचाही वाटा आहे. पांढरा रंग, अंधार पडताना वाढणारा वास आणि अरुंद नळीच्या तळाशी असलेला मध ही सगळी तयारी रात्री फिरणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी असते. मूळ प्रदेशात परागीभवन मुख्यतः तेच करतात. आपल्याकडे असे पतंग नाहीत असे नाही. कण्हेरीच्या आणि तगरीच्या पानांवर जी जाड हिरवी, निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी दिसते, ती अशाच एका पतंगाची आहे. मात्र रात्रभर प्रखर दिवे असलेल्या आवारात त्यांची ये-जा कमी होते, त्यामुळे कुंपणावर रोखलेला दिवा असेल तर तो खाली वळवून पाहावा.

फळे वाढवायची असतील तर हाताने परागीभवन करून पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी नुकतेच उमललेले नर फूल तोडून त्याची नळी चिरावी, परागकोश उघडे करावेत आणि बारीक कुंचल्याने तो पराग टाकीमागच्या झाडाच्या फुलात, नळीच्या तोंडातून अलगद कुक्षीपर्यंत पोहोचवावा. हाताळलेल्या फुलांच्या देठाला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे परिणाम कळेल.

कळंबा_रहिवासी
मनापासून आभार. सभेत काटा, कापलेले फळ आणि चिरलेली दोन फुले अशी सगळी सामग्री घेऊनच उभा राहणार आहे. कुंपण राहिले तर टाकीमागच्या झाडाची आणखी रोपे मध्ये मध्ये लावण्याचा विचार आहे. माळीमामांनी एकदा काड्या लावून पाहिल्या होत्या, पण त्या सुकल्या. काही वेगळी रीत आहे का? आणि फळांचे काय करावे, हेही कोणी सांगितले तर सभेत महिला मंडळाचा पाठिंबा मिळेल.

राजारामपुरी_बाग
अनंताचा विषय मी मागे घेतो. रोपांची एक रीत मात्र सांगू शकतो. साधी काडी तोडून लावली तर या झुडपाला मुळे सावकाश फुटतात. त्याऐवजी कोवळी फांदी झाडावरच अर्ध्या जाडीपर्यंत कापून खाली वाकवावी आणि तशीच लोंबत ठेवावी. सुमारे दोन महिन्यांत कापलेल्या जागी गाठ धरते. मग ती तोडून मध्यम सावलीत वाळूत लावली की महिन्याभरात मुळे धरते. काम करताना जाड हातमोजे हवेत. जमिनीबद्दलही एक सूचना आहे. कळंब्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि या झुडपाला मुळांशी साचलेले पाणी मुळीच चालत नाही, म्हणून नवी रोपे थोड्या उंचवट्यावर, वाळू किंवा मुरूम मिसळून लावावीत. जागा पूर्ण उन्हाची असावी, सावलीत फुले कमी येतात.

पन्हाळा_पायवाट
फळाबद्दल मी सांगतो. एका नातेवाइकांकडे हे झुडूप असल्यामुळे ते खाल्ले आहे आणि शिजवलेही आहे. फळ दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबावे. अर्धवट पिकलेले फळ तुरट लागते आणि ओठांना चीक चिकटतो. पूर्ण पिकलेले फळ सालीसकट, बिया न काढताही खाता येते. चव आंबटगोड, करवंदापेक्षा सौम्य. जॅम किंवा जेली उत्तम होते, आणि आपल्याकडच्या पद्धतीने गूळ, तिखट आणि मेथ्या घालून केलेले लोणचेही मला आवडले. जॅम मात्र ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नये. शिजताना फळातला चीक सुटून भांड्याच्या कडेला पांढरट चिकट वळ धरतो. तो घासून निघत नाही, पण खायचे तेल लावून चोळले की सहज सुटतो. स्टीलचे जाड बुडाचे पातेले घ्यावे.

वनस्पती_अध्यापिका
फक्त छाटणीबद्दल एक ओळ राहिली होती. फुले फांद्यांच्या टोकांना येतात, त्यामुळे वारंवार कात्री लावलेल्या कुंपणावर फुले आणि पर्यायाने फळे कमीच राहतात. मादी रोपे लावाल तेथील दर्शनी बाजू छाटावी आणि वरची टोके मोकळी सोडावीत. टाकीमागच्या मूळ झाडाला माळीमामांनी सध्या हात लावू नये, कारण गाठी धरण्यासाठी वाकवायच्या कोवळ्या फांद्या त्याच्यावरच मिळणार आहेत.